झऱ्याकाठची शिरगणती: टेक्सासच्या रँचवर झाडं-प्राणी मोजतात तरी कसे?

टेक्सासमध्ये जॉन्सन सिटी नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ सेला नावाची 5,500 एकरांची रँच आहे. एकरांवरून अंदाज येत नसेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा साधारण पाचवा हिस्सा धरा. तळलेल्या चिकनच्या धंद्यात पैसा कमावलेल्या जे. डेव्हिड बॅमबर्गर यांनी 1969 साली ही जमीन विकत घेतली, तेव्हा ती वर्षानुवर्षांच्या चराईने पार उघडी पडली होती. सात ठिकाणी 500-500 फूट खोल बोअर मारले तरी पाण्याचा थेंब लागला नाही, असं ते सांगत. मग त्यांनी माजलेली सीडरची झाडं तोडून गवत पेरायला सुरुवात केली, आणि दोन-अडीच वर्षांनी टेकडीच्या कुशीतून पहिला झरा वाहू लागला. सुरुवातीला तिथे पक्ष्यांच्या 48 जाती नोंदल्या गेल्या होत्या. पुढे ती यादी 200 च्या वर गेली.

गोष्ट झकास आहे आणि ती खोटी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण 48 चे 200 झाले म्हणजे नेमकं काय झालं? पक्षी वाढले, की पक्षी बघणारे वाढले? पहिल्या वर्षी एखादा माणूस चार वेळा फिरला असेल आणि नंतर तीस वर्षं शंभर माणसं दुर्बिणी घेऊन फिरली असतील, तर जमिनीत काडीचाही बदल न होता यादी लांबत जाईल. सेलावर जमीन बदलली हे उघड्या डोळ्यांना दिसतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असणार. कोणती किती, हे यादी सांगू शकत नाही. त्यासाठी मोजणी लागते. यादी आणि मोजणी यांतला हा फरक एकदा डोक्यात बसला की सर्वेक्षणाच्या बाकीच्या खटपटी आपोआप कळू लागतात.

आधी पाणी बघा

टेक्सासच्या या भागाला हिल कंट्री म्हणतात. सगळा चुनखडकाचा मुलूख, त्यावर मातीचा पातळ थर. पाऊस वर्षाला साधारण 800 मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा थोडा जास्तच, पण त्याला आपल्यासारखं वेळापत्रक नाही. मे महिन्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला जरा जोर असतो. एरवी महिनोन् महिने कोरडे, मग एका रात्रीत पूर. टेकड्यांमध्ये कठीण चुनखडक आणि मऊ, चिकणमातीसारखा मार्ल यांचे थर एकावर एक बसलेले आहेत. पाणी चुनखडकाच्या भेगांतून खाली उतरतं, मार्लपाशी अडतं आणि आडवं सरकत टेकडीच्या उतारावर बाहेर पडतं. सह्याद्रीत बेसाल्टच्या दोन थरांच्या सांध्यातून झरा फुटतो, त्यातलंच हे तत्त्व, दगड तेवढा वेगळा.

चुनखडकाची आणखी एक खोड आहे. तो पाण्यात विरघळतो. हजारो वर्षांत त्याच्या पोटात बोगदे, नळ्या, गुहा तयार होतात. अशा ठिकाणी पाणी झिरपत नाही, धावतं. एखाद्या खड्ड्यात निरुपद्रवी रंग ओतायचा आणि तो कोणत्या झऱ्यातून कधी बाहेर येतो हे बघायचं, असे प्रयोग ऑस्टिनजवळ बऱ्याचदा झाले आहेत. काही वेळा पाण्याने दिवसाला कित्येक किलोमीटर अंतर कापल्याचं दिसलं. म्हणजे झरा तुमच्या रँचवर असला तरी त्याचं पाणी शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडून आलेलं असू शकतं. टेक्सासमध्ये 1904 च्या एका न्यायालयीन निकालापासून ज्याची जमीन त्याला खालचं पाणी उपसायचा हक्क, असा नियम चालत आला आहे. पुढे काही भागांत भूजल मंडळांनी त्याला थोडा लगाम घातला. तरीही शेजारी जोरात पंप चालवू लागला तर तुमचा झरा आटू शकतो, आणि तुमच्याकडे आधीच्या वर्षांचे आकडे नसतील तर तुम्ही कुणापाशी तक्रारही नीट मांडू शकत नाही.

म्हणून पहिलं काम झऱ्याचा प्रवाह मोजणं. लहान झऱ्याला यंत्र लागत नाही. सगळं पाणी एका पाइपातून किंवा पन्हळीतून बादलीत पडेल असं करायचं आणि घड्याळ लावायचं. 10 लिटरची बादली 20 सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला 43,200 लिटर. दर महिन्याला त्याच जागी, त्याच बादलीने. सोबत पाण्याचं तापमान. जमिनीखालून येणारं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं. या पट्ट्यातल्या मोठ्या झऱ्यांत ते 20 ते 23 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. पावसानंतर लगेच ते बदललं, पाणी गढूळ झालं, तर समजायचं की वरचं पाणी न गाळता थेट आत शिरतंय. अशा झऱ्यातले जीव जास्त धोक्यात, कारण वर शेतात मारलेलं औषधही त्याच वाटेने येणार.

मोठे झरेसुद्धा आटतात. टेक्सासमधला सगळ्यात मोठा कोमाल झरा 1950 च्या दशकातल्या दुष्काळात, 1956 साली, काही महिने पूर्ण बंद पडला होता. तिथला फाउंटन डार्टर नावाचा बोटभर मासा त्यात नाहीसा झाला; पुढे 1970 च्या दशकात सान मार्कोसच्या झऱ्यातून आणून तो पुन्हा सोडावा लागला. विंबर्लीजवळचा जेकब्ज वेल हा झरा 2000 साली माणसांच्या आठवणीत पहिल्यांदा थांबला आणि त्यानंतर अनेकदा.

दगडाखाली कोण आहे?

झऱ्यावर पोसलेल्या जमिनीत सगळ्यात खास जीव पाण्याच्या तोंडाशी असतात. तिथून जितकं लांब जाल तितके ते सर्वसाधारण होत जातात. पाण्याच्या मुखाशी हंसराजाच्या कुळातला एक नेचा लोंबत असतो, चुनखडकाच्या ओल्या भिंतींवर काळ्याभोर, केसासारख्या दांड्यांचा. हाच नेचा भारतातही ओल्या कपारींत आणि जुन्या विहिरींच्या चिऱ्यांमध्ये सापडतो, त्यामुळे आपल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर ओळखीचं काहीतरी भेटतं. त्याच्याखाली, प्रवाहात, खरा स्थानिक रहिवासी असतो: सॅलमँडर, म्हणजे बेडकाचा पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला नातेवाईक.

हिल कंट्रीतले हे सॅलमँडर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर लांब. बेडकाचं पिल्लू मोठं झाल्यावर कल्ले टाकून जमिनीवर येतं. हे तसं करत नाहीत. जन्मभर पाण्यातच राहतात आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना तांबूस, पिसांसारखे कल्ले बाळगतात. दगड उचलला की क्षणभर ते कल्ले हलताना दिसतात, मग शेपटीचा एक झटका आणि प्राणी दुसऱ्या दगडाखाली. यांतल्या बऱ्याच जातींचं सगळं जग म्हणजे मोजके झरे. ऑस्टिनच्या बार्टन स्प्रिंग्जमधली जात 1997 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. काही भाऊबंद तर झऱ्याबाहेर येतच नाहीत. सान मार्कोसला 1895 साली सरकारी मत्स्यबीज केंद्रासाठी खोदलेल्या विहिरीतून पाण्याबरोबर पांढुरके, डोळे नसल्यासारखे सॅलमँडर वर आले, तेव्हा कुठे कळलं की पायाखाली खोलवर कुणीतरी राहतंय.

त्यांना मोजायची रीत अशी. बूट आणि जाळी आधी जंतुनाशकाने धुवायची, कारण उभयचरांना मारणारी बुरशी एका झऱ्यातून दुसऱ्यात माणसांच्या बुटांवरूनही जाते. प्रवाहाच्या खालच्या टोकाकडून सुरुवात करून वर सरकायचं, म्हणजे ढवळलेला गाळ आपल्या मागे वाहून जातो आणि पुढचं पाणी नितळ राहतं. प्रत्येक दगड उचलायचा, खाली बघायचं, आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. हे शेवटचं काम नवशिका हमखास विसरतो. दगडाच्या खालच्या अंगावर अंडी, किडे, शेवाळ असं अख्खं गाव असतं. उलटा ठेवला की ते उन्हात किंवा प्रवाहात उघडं पडतं. या प्राण्यांना हात लावायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे रँचमालकाने स्वतः बघावं, पकडू मात्र नये.

आता समजा, 12 सॅलमँडर दिसले. झऱ्यात 12 च आहेत का? अर्थात नाही. बाकीचे भेगांत, खडीच्या आत, कधी जमिनीखाली आहेत. इथे एक जुनी आणि फार हुशार युक्ती वापरतात. पहिल्या दिवशी, धरा, 40 प्राणी पकडले, त्यांच्या डोक्यावरच्या ठिपक्यांचे फोटो काढले आणि सोडून दिले. वाघाच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात तसेच हे ठिपके. काही दिवसांनी पुन्हा 50 पकडले. त्यांतले 10 आधीच्या फोटोंतले निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेत पाचातला एक ओळखीचा. पहिल्या दिवशीचे 40 हेही एकूण संख्येचा साधारण पाचवा हिस्सा असणार, म्हणून अंदाज 200 चा. यात गृहीत धरलेलं असं की मधल्या काळात फारसे मेले नाहीत, बाहेरून आले नाहीत, आणि एकदा पकडलेला पुन्हा पकडला जाण्याची शक्यता इतरांइतकीच आहे. प्रत्यक्षात हे सगळं तंतोतंत कधीच जमत नाही, म्हणून आकड्याबरोबर किमान-कमाल अशी पट्टीही द्यावी लागते. ‘200’ असा नुसता ठणठणीत आकडा कुणी दिला तर मी त्याच्याकडे जरा संशयाने बघतो.

दुष्काळात झरा आटला की हे प्राणी पाण्याच्या मागोमाग खाली उतरतात. वर शोधणाऱ्याला शून्य सापडतात. पाणी परतलं की तेही परततात, निदान काही. म्हणून वहीत ‘सॅलमँडर नाहीत’ असं लिहायचं नसतं. ‘अमुक तारखेला, इतक्या प्रवाहात, इतके दगड उचलून, शून्य दिसले’ असं लिहायचं. हे शून्य फार मोलाचं असतं. लोक ते लिहीत नाहीत, कारण काही दिसलं नाही तर लिहायचं काय, असं त्यांना वाटतं.

त्याच दगडांखाली किडे असतात आणि ते पाण्याचा दाखला देतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तीन गटांची पिल्लं स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात वाढतात. पाणी बिघडलं की तीच आधी गायब होतात. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळी विणते. सेंटिमीटरभर लांबीची ही नळी हातात घेतली तर ती कचरा वाटते, आणि मग तिच्या टोकातून सहा पाय बाहेर येतात.

गवत, सीडर आणि एक पिवळ्या गालांचा पक्षी

झाडं पळत नाहीत, म्हणून त्यांची मोजणी सोपी वाटते. ती सोपी नाही, कंटाळवाणी आहे. जमिनीत दोन लोखंडी खुंट्या कायमच्या ठोकायच्या, त्यांमध्ये मोजपट्टी ताणायची आणि ठरलेल्या अंतरावर 20 बाय 50 सेंटिमीटरची चौकट ठेवत जायचं. प्रत्येक चौकटीत किती भाग गवताने झाकलाय, किती उघडी माती, किती दगड, किती वाळका पाला, कोणत्या जाती, हे नोंदवायचं. चौकट कुठे ठेवायची हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, कारण डोळा आपसूक फुलांकडे जातो. खुंटीजवळून दरवर्षी त्याच दिशेला एक फोटो. दहा वर्षांचे असे फोटो शेजारी ठेवले की जे कळतं ते शंभर पानांच्या अहवालातून कळत नाही. ओळखू न आलेलं झाड वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं. तारीख, जागा, उंची, फुलाचा ताजा रंग लिहायचा, कारण वाळल्यावर रंग उडतो.

यात बघायचं काय? पहिलं, लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास अशी उंच देशी गवतं परत येताहेत का. त्यांची मुळं खोल जातात आणि पावसाचं पाणी धरून आत सोडतात. दुसरं, किंग रँच ब्लूस्टेम नावाचं आशियातून आलेलं गवत किती पसरलंय. धूप थांबवायला म्हणून ते टेक्सासभर पेरलं गेलं आणि आता देशी गवतांना जागा देत नाही. तिसरं, ओकची रोपं गुडघ्याच्या वर जाताहेत का. हरणं फार झाली की ती सगळी कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि जंगलात नुसती म्हातारी झाडं उरतात. हे तपासायला दहा-वीस फुटांचा एखादा तुकडा उंच जाळीने बंदिस्त करून ठेवतात. काही वर्षांत आत रोपांची गर्दी आणि बाहेर टक्कल दिसलं, तर दोष पावसाचा नव्हता हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि मग सीडर. खरं नाव ॲश ज्युनिपर, पण सगळे सीडरच म्हणतात. ऑस्टिनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे झाड वेगळं सांगायला नको. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याच्या परागांनी नाकाडोळ्यांतून पाणी काढलं की ‘सीडर फीव्हर’ म्हणजे काय ते कळतंच. पूर्वी अधूनमधून लागणाऱ्या वणव्यांमुळे हे झाड कपारींत आणि उतारांवर मर्यादित होतं. वणवे विझवले गेले, गवत चरून संपलं, आणि ते सगळीकडे माजलं. पडलेल्या पावसातला सुमारे 40 टक्के भाग सीडरच्या फांद्या आणि खालचा पाला मिळून अडवतात आणि तो वाफ होऊन उडून जातो, असं मोजणीत आढळलं आहे. म्हणून ‘सीडर तोडा, झरा मिळवा’ ही घोषणा तिथल्या रँचवाल्यांना फार आवडते.

मला ती पूर्ण पटत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच भागातल्या नद्यांचा अनेक दशकांचा प्रवाह तपासला, तेव्हा झाडी वाढत असतानाही नद्यांचं झऱ्यांवर पोसलेलं पाणी वाढलेलं दिसलं. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की अतिचराई कमी झाल्यामुळे जमीन सावरली आणि पाणी आत मुरू लागलं. म्हणजे बॅमबर्गर यांच्या रँचवर झरा आला तो सीडर गेला म्हणून, की त्याजागी दाट गवत आलं म्हणून? मला गवताचं पारडं जड वाटतं. सीडर तोडून जमीन उघडी ठेवली तर पाणी मुरणार नाही, मातीसकट वाहून जाईल.

तोडण्यापूर्वी मोजणी का करायची, याचं सगळ्यात चांगलं कारण एका दहा ग्रॅमच्या पक्ष्याने दिलं आहे. गोल्डन-चीक्ड वॉर्बलर. काळी टोपी, सोनेरी पिवळे गाल, डोळ्यातून जाणारी काळी रेघ. साऱ्या जगात हा पक्षी फक्त मध्य टेक्सासमध्ये घरटं करतो. मार्चमध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून येतो, उन्हाळा संपायच्या आत परत जातो. मादी घरटं बांधते ते जुन्या सीडरच्या सालीच्या लांब, राखाडी पट्ट्या सोलून, त्या कोळ्याच्या जाळ्याने बांधून. फांदीच्या बेचक्यात बसवलेलं हे घरटं सालीशी इतकं मिसळून जातं की दोन हातांवरून दिसत नाही. आणि अशी साल निघते ती फक्त जुन्या झाडांची. कोवळ्या सीडरची साल सुटत नाही. 1990 पासून हा पक्षी संकटग्रस्त यादीत आहे. त्यामुळे उताराच्या घळीतले, ओकच्या सोबतीने वाढलेले जुने सीडर ठेवायचे आणि सपाटीवर गवत गिळणारे तरुण सीडर काढायचे. कोणते कुठे आहेत हे नकाशावर मांडल्याशिवाय करवत चालवणं म्हणजे आंधळा कारभार.

पक्ष्यांची मोजणी कानाने होते. पहाटे ठरलेल्या जागी उभं राहायचं, पाच किंवा दहा मिनिटं ऐकलेला-पाहिलेला प्रत्येक पक्षी आणि त्याचं अंदाजे अंतर लिहायचं, मग किमान अडीचशे मीटर चालून पुढची जागा. अंतर का? कारण जवळचे बहुतेक पक्षी कळतात, लांबचे निसटतात. कोणत्या अंतरावर नोंदी कशा घटत जातात यावरून किती निसटले याचा हिशेब काढता येतो. वारा जोरात असेल तर मोजणी रद्द. मे महिन्यातली मोजणी मे महिन्याशीच ताडायची, कारण नर गायचे थांबले की जंगल रिकामं वाटायला लागतं.

पाणवठ्यावरून मोजणी इथे का चालत नाही

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायची पद्धत आपल्याला माहीत आहे. रात्र संस्मरणीय जाते यात वाद नाही. पण तोच सांबर दोनदा आला की दोन सांबर, आणि तिसऱ्याच डबक्यावर गेला की शून्य. कडक उन्हाळ्यात मोजकेच पाणवठे उरलेले असतात म्हणून तरी त्याला थोडा अर्थ. जिथे झरे बारमाही वाहतात तिथे प्राण्यांना एका ठिकाणी यायची गरजच नसते. झऱ्याकाठी कॅमेरा लावला तर कोण कोण येतं हे कळेल, किती आहेत हे नाही.

हरणांसाठी हिल कंट्रीत वेगळी पद्धत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या रात्री उघड्या पिकअप ट्रकमध्ये दोघे जण प्रखर दिवे घेऊन उभे राहतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. गाडी ताशी पंधराएक किलोमीटरने चालते. दिसलेलं प्रत्येक हरीण नर, मादी, पाडस किंवा ‘कळलं नाही’ या रकान्यात जातं. आधी त्याच रस्त्यावर दर दशांश मैलाला थांबून दोन्ही बाजूंना नजर किती लांब पोचते हे मोजलेलं असतं. समजा 8 किलोमीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना सरासरी 50-50 मीटर दिसतं. म्हणजे 80 हेक्टर, साधारण 200 एकर जमीन आपण पाहिली. 25 हरणं दिसली तर आठ एकरांना एक. एका रात्रीवर विसंबायचं नाही, निदान तीन रात्री करायचं. ‘कळलं नाही’ हा रकाना रिकामा असेल तर मोजणाऱ्याने अंदाज ठोकलेत, असं खुशाल समजावं.

दिव्याच्या झोतात डोळे चमकतात आणि ट्रकमधल्या मराठी माणसाला धक्का बसावा असा प्राणी उभा असतो: चितळ. 1930 च्या दशकात शिकारीसाठी म्हणून चितळ आणि काळवीट टेक्सासच्या रँचवर आणले गेले. कुंपणं ओलांडून चितळ मोकळे झाले आणि आज हिल कंट्रीत त्यांचे कळप राजरोस फिरतात. आपल्याकडे रेहेकुरीला काळवीट जपण्यासाठी अभयारण्य, आणि तिथे तोच प्राणी बाहेरचा म्हणून वर्षभर शिकारीला मोकळा. चितळ गवत संपलं की झुडपांकडे वळतो. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण नुसत्या गवतावर जगू शकत नाही. त्यामुळे चारा कमी पडला की पाहुणाच जिंकतो. हिल कंट्रीतल्याच केर वन्यजीव क्षेत्रात सिका या आणखी एका परक्या हरणाबरोबर पांढऱ्या शेपटीची हरणं एकाच कुंपणात ठेवून पाहिली होती. काही वर्षांत सिका वाढले आणि स्थानिक हरणं संपली.

मोजणीत चितळ आणखी एक घोळ घालतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची पाडसं मे-जूनच्या सुमाराला होतात, शिंगंही ठरल्या काळात गळतात, म्हणून ऑगस्टमध्ये नर-मादी-पाडस ओळखणं सोपं. चितळाला असा मोसम नाही. कोणत्याही महिन्यात पाडसं, कोणत्याही महिन्यात बिनशिंगी नर. त्यामुळे त्याचा तक्ता वेगळा ठेवावा लागतो आणि वर्षाच्या वाढीचा हिशेबही वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. झऱ्याचं लिटरभर पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून कोणते जीव आहेत हे आता कळू शकतं, पण तो डीएनए वरून वाहत आलेला असू शकतो आणि त्यावरून प्राण्यांची संख्या ठरवणं अवघड. मोबाइलवर फोटो टाकून जात ओळखणारी ॲप यादीसाठी उत्तम, मोजणीसाठी नाहीत. बॅमबर्गर यांनी तर 1990 च्या दशकाच्या शेवटी वटवाघळांसाठी काँक्रीटची गुहाच बांधली. आधी काही वर्षं लोक हसले, मग वटवाघळं मोठ्या संख्येने आली. ती संध्याकाळी धुराच्या लोटासारखी बाहेर पडतात तेव्हा नजरेने मोजणं हा विनोद ठरतो. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण करून मग संगणकावर मोजावं लागतं.

हे सगळं करतं कोण, आणि कशासाठी?

टेक्सासची 90 टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. सर्वेक्षणासाठी सरकारी माणसं तिथे मालकाने बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आपल्याकडे जैवविविधता कायद्याखाली गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तिथे ती वही ज्याच्या त्याच्या रँचच्या घरात असते, किंवा नसते. मग मालकाला मोजायला लावायचं कसं? उत्तर अगदी अमेरिकी आहे: करात सूट.

शेती किंवा गुरंढोरं असलेल्या जमिनीवर टेक्सासमध्ये मालमत्ता कर फार कमी बसतो. त्यामुळे लोक करासाठी का होईना गुरं पाळत आणि जमीन चरत राही. 1995 मध्ये मतदारांनी राज्यघटनेत बदल मंजूर केला आणि आधी शेतीची सवलत असलेल्या जमिनीवर देशी वन्यजीवांची निगा राखणं हेही शेतीसारखंच धरलं जाऊ लागलं. सात कामं ठरवून दिली: अधिवास सुधारणं, धूप रोखणं, शिकारी प्राण्यांचं नियंत्रण, पाण्याची सोय, अन्नाची सोय, निवाऱ्याची सोय आणि प्रगणना, म्हणजे मोजणी. सातांपैकी किमान तीन दरवर्षी करायची आणि जिल्ह्याच्या कर-मूल्यांकन कार्यालयाने मागितला तर त्याचा अहवाल द्यायचा.

याची दुसरी बाजूही आहे. काही मालक दुर्मीळ जातींसाठी मोजणी करायला कचरतात. संकटग्रस्त पक्षी सापडला तर आपल्याच जमिनीवर हात बांधले जातील अशी भीती असते. काहींना प्रगणना म्हणजे रात्री एकदा दिवा फिरवून हरणांचा आकडा लिहून टाकणं वाटतं, आणि अर्जापुरतं ते चालूनही जातं. पण ज्या मालकाच्या जमिनीवर झरा आहे त्याला हरणांनीच सुरुवात करायचं कारण नाही. बादली, घड्याळ, थर्मामीटर, चार लोखंडी खुंट्या आणि मेणकापडात गुंडाळलेली वही एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पहाटेच्या पक्ष्यांसाठी जवळच्या निसर्गमंडळातले स्वयंसेवक हौसेने येतात, सॅलमँडरसाठी परवाना असलेला विद्यापीठातला माणूस बोलवावा लागतो. पुढच्या वर्षी नवीन काही सुरू करण्याआधी हीच कामं त्याच तारखांच्या आसपास पुन्हा करायची. एक ओला काळ आणि एक दुष्काळ या दोन्हींतले आकडे वहीत आल्याशिवाय झरा वाढला की घटला, यावर कुणाशी पैज लावू नये.